नॉर्वेचा पाऊस आणि चार टक्के

प्रोफेसर व्हिटेकर बाईंच्या गटात एक पद्धत होती. तिथून कुणाचाही पेपर बाहेर पडायच्या आधी त्याला एक शत्रू नेमला जायचा. शत्रू म्हणजे गटातलाच कुणी विद्यार्थी. लेखकानं आपले सगळे आकडे, सगळ्या फाइली, सगळे प्रोग्रॅम त्याच्यापुढे उघडे करून ठेवायचे आणि शत्रूनं दोन आठवडे बसून तो पेपर मोडायचा. मोडला तर बाई खूश. नाहीच मोडला तर पेपराच्या शेवटी, आभारांच्या ओळीत शत्रूचं नाव छापायचं, की यांनी हा मोडायचा मनापासून प्रयत्न केला. शिवाय या दोन आठवड्यांत शत्रूला दुपारचं जेवण लेखकानं घालायचं, असाही नियम होता. उपाशी माणूस चिडून टीका करतो आणि चिडून केलेली टीका निरुपयोगी असते, असं बाईंचं म्हणणं.

२००८ च्या मार्चमध्ये आश्लेषाच्या पेपरला शत्रू म्हणून परीक्षितचं नाव निघालं, तेव्हा मीटिंगमध्ये सगळे हसले. या दोघांचं तीन वर्षं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावाहून युनिव्हर्सिटीला दोघं एकाच गाडीतून यायची, गाडी परीक्षितची आणि बोलणं आश्लेषाचं. ती पुण्याची. समोरच्यानं सुरू केलेलं वाक्य त्याच्या आधी पूर्ण करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. हा विदर्भातला, औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढलेला. याचे वडील बॉयलरवर होते. हा दिवसातून दहा वाक्यं बोलायचा आणि त्यातली सहा ‘बघू’ अशी असायची.

आश्लेषाचा प्रश्न ऐकायला सोपा होता. श्रीमंत, कारखानदार देशांनी हवामानासाठी कायदे केले, कोळशावर आणि तेलावर कर लावले, पवनचक्क्यांना पैसे दिले. त्यानं धूर खरंच कमी झाला, की तो तसाही कमी होणारच होता? धूर म्हणजे कार्बन डायऑक्साइड, जो डोळ्यांना दिसत नाही. पण गटात मराठी ही दोघंच, आणि ती आपसात त्याला धूरच म्हणायची. एखाद्या देशात कायदा झाला आणि धूर घटला, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. कारखाने चीनला गेले असतील, मंदी आली असेल, हिवाळा सौम्य गेला असेल. हे सगळं वजा करून खाली काय उरतं, ते आश्लेषानं चार वर्षं खपून काढलं होतं. उरत होते बारा टक्के. कायदे नसते तर जेवढा धूर झाला असता, त्याच्यापेक्षा बारा टक्के कमी.

बारा हा मोठा आकडा होता. इतका मोठा, की वॉशिंग्टनच्या एका संशोधन संस्थेनं नुसता सारांश वाचून तिला भाषणाला बोलावलं. त्या उन्हाळ्यात सेनेटमध्ये हवामानाच्या विधेयकावर चर्चा व्हायची होती आणि संस्थेला त्याआधी एक रिपोर्ट काढायचा होता. भाषण एप्रिलच्या मध्यात. ते आवडलं तर नोकरी, आणि रिपोर्ट लिहायचा तोही तिनंच. मे महिन्यात आश्लेषाची पीएच.डी. संपत होती. दुसरीकडून कुठूनही बोलावणं नव्हतं, बाजार मंदावला होता, आणि नोकरी नाही म्हणजे काही महिन्यांत व्हिसाही नाही. चार वर्षं जे काम तिनं जिवापाड केलं, ते करायला मिळेल अशी ही एकच जागा होती.

“तू शत्रू आहेस हे ठीक आहे,” पहिल्या दिवशी डबा पुढे सरकवत ती म्हणाली, “पण मोडायचं असेल तर लवकर मोड. शेवटच्या दिवशी नको, यार.”

“बघू,” परीक्षित म्हणाला आणि डबा उघडला. आत पिठलं होतं. पिठल्यात गुठळ्या होत्या. शत्रूला जेवू घालायचं असतं, ते चांगलं असावं असा काही नियम नव्हता.

खरं सांगायचं तर परीक्षितला हा पेपर मोडायचाच होता. नुसता मोडायचा नव्हता, बाराचं शून्य करायचं होतं. क्योटोला हवामानाची परिषद भरली, फोटो निघाले, सह्या झाल्या आणि कोळसा जळायचा तो जळतच राहिला, असं त्याचं ठाम मत. अमेरिकेनं तर २००१ मध्येच त्या करारातून अंग काढून घेतलं होतं. वीज लागते म्हणून कोळसा जळतो, कोळसा जळतो म्हणून धूर होतो, त्यात कायद्याला कोण विचारतो? आश्लेषा गाडीत तावातावानं कार्बन टॅक्सबद्दल बोलायची आणि हा सिग्नल बघत मनात हसायचा. हे असं का वाटतं, असं त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. वसाहतीतल्या सगळ्यांनाच तसं वाटायचं.

पहिला आठवडा वाया गेला. त्यानं वर्षं मागंपुढं केली, देश एकेक करून वगळले, हिवाळ्याचा हिशेब नव्यानं केला. बारा काही हलेना. आश्लेषा रोज डबा आणायची आणि तो खाताना त्याच्या चेहऱ्याकडे बघायची. त्याचा पडलेला चेहरा बघून तिला किती बरं वाटतंय, हे ती लपवायचाही प्रयत्न करायची नाही.

मग दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी तो डेन्मार्कचा आलेख उघडून बसला. डेन्मार्क म्हणजे आश्लेषाच्या पेपरातला शहाणा मुलगा. १९९६ मध्ये त्यांनी उद्योगांवरचे कर कडक केले. त्या वर्षी धुराची रेघ उंच, आणि तिथून पुढं सरळ घसरण. परीक्षितला हे जरा जास्तच शहाणपणाचं वाटलं. १९९६ मध्ये ही रेघ एवढी वर गेलीच कशी? कारखाने तेच, माणसं तीच, थंडी थोडी जास्त होती पण इतकी नाही. काहीतरी झालं होतं त्या वर्षी. जास्तीची एवढी वीज कुणाला लागली होती?

आणि इथं त्याला कोयना आठवली.

कोयनेचं धरण महाराष्ट्राच्या एका टोकाला आणि त्यांची वसाहत दुसऱ्या टोकाला. तरी वसाहतीतला प्रत्येक माणूस कोयनेच्या पाण्याकडे डोळे लावून बसलेला असायचा. धरण भरलं की पाण्यावरची वीज मुबलक, मग इकडचा वीजनिर्मितीचा एखादा संच दुरुस्तीला बंद ठेवायची मुभा मिळायची, बाबा दिवाळीत घरी असायचे. पाणी कमी पडलं की सगळे संच अहोरात्र चालू, बाबांच्या डबल ड्यूट्या, आणि घरांवर, झाडांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख. पाऊस तिकडं पडला नाही की धूर इकडं वाढतो, हे परीक्षितला पाढ्यांच्या आधी पाठ झालेलं होतं. त्यानं पुढचा प्रश्न स्वतःला मराठीतच विचारला: डेन्मार्कची कोयना कुठं आहे?

ती नॉर्वेमध्ये होती. थोडी स्वीडनमध्ये. नॉर्वेची जवळपास सगळी वीज पाण्यावरची. १९९६ हे वर्ष तिकडं कोरडं गेलं होतं, धरणांत पाणी नव्हतं, आणि शेजारच्या डेन्मार्कनं भट्ट्या पेटवून, कोळसा जाळून त्यांना वीज विकली होती. पुढं पाऊस आला, धरणं भरली, डेन्मार्कच्या भट्ट्या थंडावल्या. धूर उतरला. आणि आश्लेषाच्या प्रोग्रॅमनं त्या उताराचं सगळं श्रेय मोठ्या भक्तिभावानं कायद्याच्या पदरात टाकलं होतं. डेन्मार्कमधल्या कुठल्याही वीजवाल्याला विचारलं असतं तर त्यानं चहा पिता पिता हे सांगितलं असतं. पण नॉर्थ कॅरोलायनात बसून डेन्मार्कच्या वीजवाल्याला विचारतो कोण? इथं सगळं कॉम्प्युटरला विचारायची सवय. २००३ मध्येही तीच उसळी होती, आणि आश्लेषानं तळटीपेत तिचं कारण ‘कडक हिवाळा’ असं देऊन टाकलं होतं.

परीक्षितनं खुर्चीत मागं टेकून हात डोक्यावर घेतले. त्याला आनंद झाला, अगदी खराखुरा. आणि मग वॉशिंग्टनची आठवण झाली आणि तो आनंद तिथंच अडकला. भाषणाला दहा-बारा दिवस उरले होते. हे त्यानं सांगितलं नाही तर कुणाच्याही लक्षात येणार नव्हतं. पण लपवण्याचा विचार त्याच्या मनात टिकला नाही. शत्रू म्हणून नाव छापून यायचं आणि आपणच खोटं ठरायचं, हे त्याच्यानं झालं नसतं.

दुपारी आश्लेषानं डबा उघडला. थालीपीठ होतं, एका बाजूनं काळं. परीक्षितनं एक घास खाल्ला आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तो नॉर्वेबद्दल बोलला, कोयनेबद्दल बोलला. आयुष्यात पहिल्यांदा तो एवढं सलग बोलला असेल आणि पहिल्यांदाच तिनं त्याचं एकही वाक्य पूर्ण केलं नाही.

“म्हणजे माझे बारा टक्के म्हणजे पाऊस?” ती म्हणाली.

“सगळे नाही. पण बरेचसे असतील.”

“तुला आनंद झालाय.”

परीक्षितनं खोटं बोलायचा विचार केला आणि सोडून दिला. “थोडा झाला,” तो म्हणाला.

आश्लेषानं त्याच्या हातातला डबा काढून घेतला, झाकण लावलं आणि उठून गेली. त्या संध्याकाळी तो एकटाच गाडी चालवत कॅरीला आला. रेडिओ लावला, बंद केला. गाडीत एवढी शांतता त्याला नकोशी झाली. आपण एका मुलीचं भविष्य एका आलेखासाठी मोडीत काढलं, असं त्याला वाटत राहिलं, आणि ते चूकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. केस कसेतरी बांधलेले, हातात प्रिंटआउटचा गठ्ठा. तिनं खुर्ची ओढली आणि बसायच्या आधीच सुरुवात केली.

“डेन्मार्क एकटा नाही. फिनलंडमध्येही सेम प्रॉब्लेम आहे. तेही त्याच पाण्यावर अवलंबून. तू ते पाहिलंच नव्हतंस.”

“नव्हतं पाहिलं,” परीक्षितनं मान्य केलं.

“कसला शत्रू रे तू? अर्धवट मोडतोस. मी नॉर्वे आणि स्वीडनच्या धरणांचे आकडे आणले, दरवर्षीचे. वीज कुणी कुणाला विकली तेही आणलं. सगळ्या देशांचं चेक केलं, नुसतं त्या दोघांचं नाही. ते सगळं आत टाकलं.” तिनं शेवटचा कागद त्याच्यापुढं ठेवला. “चार.”

परीक्षितनं कागदाकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे पाहिलं. आपला पेपर कुणी मोडला तर माणूस आधी बाजू मांडतो, मग कारणं सांगतो, मग आजारी पडतो. गटातल्या हुशार हुशार मुलांचं त्यानं हे पाहिलेलं होतं. स्वतःचंही पाहिलेलं होतं. ही एका दुपारपुरती रागावली आणि एका रात्रीत शत्रूनं मोडला त्याच्यापेक्षा जास्त स्वतःच मोडून आली. त्याला तिचं इतकं कौतुक वाटलं की काय बोलावं सुचेना, म्हणून तो म्हणाला, “जेवलीस का?”

“नाही. आणि तुझाही डबा नाही आणलेला. चल, पिझ्झा खाऊ.”

पिझ्झा खातानाच तिनं वॉशिंग्टनला ईमेल लिहिली. सारांशातला आकडा चुकीचा होता, चूक माझी आहे, नवा आकडा चार टक्के, कारण असं असं. भाषण ठेवायचं की रद्द करायचं ते कृपया कळवा.

“अगं थांब ना,” परीक्षित म्हणाला. “भाषणात सांग. समोर बसल्यावर तू पटवशील त्यांना. आत्ता पाठवलंस तर ते बोलावणंच कॅन्सल करतील.”

“त्यांनी बारा ऐकायला बोलावलंय. चार ऐकायचे की नाही ते त्यांना ठरवू दे.” आणि तिनं बटण दाबलं. मग मात्र तिनं पिझ्झ्याचा तुकडा खाली ठेवला आणि तोंडावर हात धरून थोडा वेळ बसून राहिली. तिला भीती वाटत होती. परीक्षितला ते दिसलं, आणि भीती वाटत असताना तिनं हे केलं म्हणून तो मनातून पार हरला.

उत्तर दोन दिवसांनी आलं. संस्थेच्या संचालकांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. भाषण ठरल्याप्रमाणे होईल. आकड्यातल्या बदलामुळे रिपोर्टाबद्दल फेरविचार करावा लागेल. नोकरीचा त्यात उल्लेखही नव्हता.

शत्रूचं काम अजून संपलेलं नव्हतं. आता परीक्षित चारच्या मागं लागला. बाराचे चार झाले तर चारचं शून्य व्हायला कितीसा वेळ, असं त्याला वाटलं. त्यानं जर्मनी काढून टाकला, कारण पूर्व जर्मनीतले जुने कारखाने कायद्यानं नाही, देश एक झाल्यानं बंद पडले होते. चार राहिले. ब्रिटन काढला, कारण तिथं कोळसा जाऊन गॅस आला तो बाजारामुळे. साडेतीन झाले, पण तिथंच थांबले. कायद्यांच्या तारखा खोट्या टाकून पाहिल्या. म्हणजे ज्या वर्षी काहीच झालं नाही त्या वर्षी कायदा झाला असं प्रोग्रॅमला सांगितलं. तेव्हा परिणाम नाहीसा झाला, आणि नेमकं तसंच व्हायला हवं होतं. खऱ्या तारखा टाकल्या की चार परत हजर. ओल्या वर्षी चार, कोरड्या वर्षी चार. परीक्षित चिडला, मग हट्टाला पेटला, आणि मग एका सकाळी तो नुसताच स्क्रीनकडे बघत बसला. बाहेर पार्किंगमध्ये डॉगवुडची झाडं फुलांनी पांढरी झाली होती. हा आकडा खरा होता. कुठंतरी, कुठल्यातरी संसदेत काही माणसांनी बसून एक कागद मंजूर केला आणि त्यामुळे, फक्त त्यामुळे, तेवढा कोळसा जमिनीतच राहिला. हे त्याला शहारा आणणारं वाटलं, आणि का कोण जाणे, बरं नाही वाटलं.

भाषणाच्या आदल्या दिवशी दोघं गाडीनं निघाली. परीक्षित कशाला येतोय असं आश्लेषानं विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. मुक्काम वॉशिंग्टनजवळच्या अ‍ॅशबर्नला, तिच्या सुवर्णामावशीकडे. मावशीनं आमटी, भात, बटाट्याची भाजी असं साग्रसंगीत केलं होतं. सगळी कथा ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “बारा होते ते चार केलेस आणि ते सांगायला एवढा ड्राइव्ह करून आलीस? बाई, धन्य आहे तुझी.”

“फोर पर्सेंट?” मावशीची नऊ वर्षांची यामिनी ताटातून मान वर करून म्हणाली. “दॅट्स लाइक, नथिंग.”

“उद्या हेच ऐकायचंय मला,” आश्लेषा म्हणाली आणि हसली, पण तिनं दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

वॉशिंग्टनची ती खोली मोठी नव्हती. लांब टेबल, पंचवीसेक माणसं, कोपऱ्यात कॉफी आणि कुकीज. टेबलाच्या टोकाला संचालक, साठीचे, शांत, पुढ्यात कोरा कागद. परीक्षित मागं भिंतीला टेकून बसला.

आश्लेषानं सुरुवातच चुकीपासून केली. आधी मी तुम्हाला बारा सांगितले होते, ती म्हणाली, आणि आता त्यातले आठ कसे पावसाचे होते ते सांगते. तिनं नॉर्वेची धरणं दाखवली, डेन्मार्कची रेघ दाखवली. एकावर एक ठेवल्यावर दोन्ही रेघा एकमेकींच्या उलट अशा काही नाचल्या, की टेबलाभोवती हशा पिकला. मग ती चारवर आली. काय काय वजा केलं, कशानं हे चार हलले नाहीत, सगळं तिनं सांगितलं. ती नेहमीसारखीच भरभर बोलत होती, पण आज तिचा प्रत्येक शब्द जागच्या जागी पडत होता. परीक्षितनं तिचं बोलणं तीन वर्षं गाडीत ऐकलं होतं. ही एवढी चांगली आहे हे आपल्याला आधी का कळलं नाही, म्हणून त्याला स्वतःचाच राग आला.

भाषण संपल्यावर संचालकांच्या शेजारचा एक तरुण माणूस पुढं झुकला. रिपोर्टाचं काम त्याच्याकडे असावं. “सेनेटरच्या ऑफिसात मी चार टक्के घेऊन गेलो तर ते मला बसायलाही सांगणार नाहीत,” तो म्हणाला. “एवढे कायदे, एवढे कर, एवढी भांडणं, आणि हाती काय, तर चार? हे म्हणजे काहीच नाही असंच ते म्हणतील.”

“हे पहिल्या, कच्च्या कायद्यांचे चार आहेत,” आश्लेषा म्हणाली. “यातले बरेच कर कमी होते, मोठ्या कारखान्यांना सवलती होत्या. तरी चार आले. कुठं अंधार झाला नाही, कुठली बाजारपेठ बुडाली नाही. नीट केलेल्या कायद्यांनी किती होईल, ते मला आज सांगता येणार नाही. माहीत नाही ते मी सांगणार नाही.”

तरुण माणसानं खांदे उडवले. संचालकांनी पेपराचं शेवटचं पान उलटलं.

“इथं एका माणसाचं नाव आहे, ज्यानं हा पेपर मोडायचा प्रयत्न केला,” ते म्हणाले. “तो इथं आहे का?”

पंचवीस माणसं वळली. परीक्षितच्या हातात कुकी होती. ती कुठं ठेवावी ते न कळून तो तशीच हातात घेऊन उभा राहिला.

“तुम्हाला मोडता आला का?”

“पहिला आला,” परीक्षित म्हणाला. लोक हसले.

“आणि हा? चार टक्क्यांचा?”

“नाही आला. मी खूप प्रयत्न केला. मला शून्य हवं होतं.”

“का?” संचालकांनी विचारलं. त्यांचा आवाज साधा होता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

परीक्षितनं तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की याचं उत्तर त्याला माहीत नाही. म्हणून तो जे माहीत होतं ते सांगायला लागला. माझे वडील कोळशाच्या वीजकेंद्रात होते, तो म्हणाला. आम्ही त्याच्या शेजारी राहायचो. उन्हाळ्यात माझी आई गच्चीवर कुरडया घालायची. आता कुरडईला इंग्रजीत काय म्हणतात हे त्याला कुठून माहीत असणार? गव्हाच्या चिकाची एक जाळी असते, ती वाळवून तळतात, असं काहीतरी त्यानं हातवारे करून सांगितलं, कुकीसकट. कुणी हसलं नाही. आई वरून जुनं पातळ झाकायची, तरी राख बसायची. तळलेली कुरडई दाताखाली करकरायची. इंजिनिअरिंगला नागपूरला गेलो, तिथं मित्राच्या घरी पहिल्यांदा करकर नसलेली कुरडई खाल्ली. मला वाटलं, यांच्या घरी काहीतरी घालायचं विसरलेत.

तो थांबला. हातातली कुकी त्यानं शेवटी खुर्चीवर ठेवली.

“आमच्याकडे सगळे म्हणायचे, वीज हवी तर राख येणारच. कुणाचा दोष नाही. हे ऐकत मी मोठा झालो. कायद्यानं धूर कमी होत नाही, हे सिद्ध झालं असतं, तर आमची माणसं बरोबर ठरली असती. कुणीच काही करू शकत नव्हतं, असं झालं असतं.” त्यानं आश्लेषाकडे पाहिलं. “पण ते शून्य नाहीये. मी सगळ्या बाजूंनी पाहिलं. करता येत होतं. कुणीतरी बसून ठरवलं असतं तर थोडं तरी कमी करता येत होतं. आमच्याकडे ते कुणी ठरवलं नाही, एवढंच.”

तरुण माणूस आपल्या वहीकडे बघत होता. आश्लेषा पडद्याजवळ उभी होती. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं.

संचालकांनी पुढ्यातल्या कोऱ्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग ते त्या तरुण माणसाला म्हणाले, “रिपोर्ट चारवरच जाईल. बसायला सांगत नसतील तर उभ्यानं सांगू.” आणि आश्लेषाकडे वळून, “तो तुम्ही लिहा. जूनच्या आत हवाय. व्हिसाच्या कागदपत्रांचं मी बघतो.”

आधी कुणी एकानं टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनी. टाळ्या आश्लेषासाठी होत्या आणि परीक्षितनंही त्या जोरजोरात वाजवल्या. तिनं ही जागा स्वतःच्या बळावर, स्वतःचा आकडा स्वतःच्या हातानं छाटून मिळवली होती, आणि तिच्यासाठी त्याला झालेल्या आनंदात आता काहीच अडकलेलं नव्हतं. विदर्भात रात्रीचे नऊ वाजून गेले असतील. आई अजून जागी असणार. भाषण कसं झालं ते सांगायला फोन करायचं त्यानं कबूल केलं होतं. त्यानं खिशातून फोन काढला आणि तो तसाच हातात धरून उभा राहिला. भाषण चांगलं झालं, हे सांगणं सोपं होतं. ती सगळी राख तशी पडलीच पाहिजे असं काही नव्हतं, हे आईला कसं सांगायचं, ते मात्र त्याला कळेना.